तंबाखूच्या पानात पोलोनियम येतं कुठून? शेत, भट्टी आणि वखार

“रोज दीड पाकीट सिगारेट ओढणाऱ्याला वर्षाला छातीच्या ३०० एक्स-रेंइतका किरणोत्सार बसतो” असा मजकूर अधूनमधून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतो. त्याखाली कुणीतरी लिहितं, “कंपन्या तंबाखूत किरणोत्सर्गी रसायन मिसळतात.” दुसऱ्या कुणाचं म्हणणं असतं, “हा सगळा रासायनिक खतांचा प्रताप. आमची गावठी तंबाखू शुद्ध.” यातलं पहिलं विधान अर्धवट आहे आणि दुसरं चूक. तिसऱ्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण त्यावर विसंबून माणसं तोंडातली गोळी थुंकत नाहीत.

तंबाखूत किरणोत्सर्गी द्रव्य असतं, हे मात्र खरं. प्रयोगशाळांमध्ये ते १९६४पासून मोजलं गेलंय. ते पानात येतं कसं, पीक कसं घेतलं आणि पान कसं वाळवलं यावर ते किती कमी-जास्त होतं, आणि साठवणीत त्याचं काय होतं, हे नीट कळलं की वरच्या तिन्ही विधानांची किंमत आपोआप कळते.

युरेनियमपासून पोलोनियमपर्यंत

आपल्या पायाखालच्या प्रत्येक मातीत थोडंसं युरेनियम असतं. शेताच्या, अंगणाच्या, डोंगराच्या, सगळीकडच्याच. त्याचा अणू स्थिर नसतो. त्यातून कण बाहेर पडतात आणि तो दुसऱ्याच मूलद्रव्याचा अणू होतो. या बाहेर पडण्याला किरणोत्सार म्हणतात. नवा अणूही बहुतेक वेळा अस्थिर असतो, मग तोही फुटतो. अशी लांबलचक साखळी चालते आणि शेवटी साध्या, स्थिर शिशावर येऊन थांबते.

या साखळीतले चार टप्पे आपल्या कामाचे आहेत. पहिला रेडियम, तो मातीतच बसून असतो. रेडियमचा अणू फुटला की रेडॉन तयार होतो. रेडॉन वायू आहे, त्यामुळे तो मातीच्या फटींतून वर येतो आणि हवेत मिसळतो. काही दिवसांत रेडॉनचे अणू फुटतात आणि त्यांच्यापासून पुन्हा घन पदार्थांचे अणू बनतात. ते हवेतल्या धुळीच्या सूक्ष्म कणांना चिकटतात. त्यातूनच तिसरा टप्पा येतो, शिसे-२१०. चौथा टप्पा म्हणजे या शिशातून निपजणारं पोलोनियम-२१०.

एखाद्या किरणोत्सर्गी द्रव्याचे निम्मे अणू फुटायला लागणारा काळ म्हणजे त्याचं अर्धायुष्य. रेडियमचं १६०० वर्षं, रेडॉनचं जेमतेम ३.८ दिवस, शिसे-२१०चं सुमारे २२ वर्षं आणि पोलोनियम-२१०चं १३८ दिवस. हे शेवटचे दोन आकडे लक्षात ठेवा. वखारीत गेल्यावर सगळी गोष्ट त्यांच्यावरच फिरते.

पोलोनियमचा शोध मारी आणि पिएर क्यूरी यांनी १८९८ साली लावला. मारीच्या मातृभूमीवरून, पोलंडवरून त्याला नाव मिळालं. त्यातून अल्फा कण निघतात. अल्फा कण जड असतो, कागदही भेदून जाऊ शकत नाही, त्यामुळे अंगावरून गेला तर कातडीच्या मेलेल्या थरात अडकतो. पण द्रव्य शरीराच्या आत गेलं की तोच कण सगळी ऊर्जा शेजारच्या चार-दोन पेशींत ओततो. २००६ साली लंडनमध्ये अलेक्झांडर लिट्विनेंको या माजी रशियन गुप्तहेराचा जीव घेतला तो याच पोलोनियम-२१०ने. त्यांच्या पोटात गेलेली मात्रा अब्जावधी बेकरेलच्या घरातली होती. बेकरेल म्हणजे दर सेकंदाला एक अणू फुटणं.

एका सिगारेटमधलं पोलोनियम साधारण १० ते २० मिलिबेकरेल असतं, म्हणजे ५० ते १०० सेकंदांत एखादाच अणू फुटतो. लिट्विनेंकोंच्या विषाशी त्याची तुलना करून घाबरवणारे लेख वाचले की मला वाईट वाटतं. धोका खरा असताना खोटी भीती दाखवली, तर वाचणारा दोन्हीवरचा विश्वास सोडतो.

हे पानालाच इतकं का चिकटतं?

हवेतून खाली बसणारं शिसे-२१० सगळ्याच पिकांवर बसतं. मग तंबाखूचंच नाव का निघतं? उत्तर पानाच्या पृष्ठभागावर आहे.

तंबाखूच्या उभ्या पिकातून कधी चालला असाल, तर बाहेर आल्यावर हात आणि कपडे काळपट, चिकट झालेले दिसले असतील. साबणानंही ते पटकन जात नाही. पान भिंगाखाली धरलं तर कारण दिसतं. दोन्ही बाजूंना दाट, बारीक लव असते आणि पुष्कळशा केसांच्या टोकाला चिकट द्रवाचा एक थेंब असतो. किडीपासून बचाव करण्यासाठी झाडाने केलेली ही सोय. या थेंबावर हवेतला सूक्ष्म कण टेकला की सहसा सुटत नाही. पान मोठं, रुंद आणि पसरट, आणि वजनाच्या मानाने त्याचं क्षेत्रफळ भरपूर. शेतात ते अनेक आठवडे उभं असतं. तेवढ्या काळात रेडॉनची पिल्लं त्याच्यावर बसत राहतात आणि तिथेच फुटून शिसे-२१० मागे ठेवतात.

अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या बोल्डर इथले एडवर्ड मार्टेल यांनी १९७४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवलं की शिसे-२१० या लवेच्या टोकांवर जास्त साठतं. पान जळताना तिथून न विरघळणारे सूक्ष्म कण तयार होतात, असं त्यांचं म्हणणं होतं. न विरघळणारे म्हणजे फुप्फुसात गेल्यावर रक्तात सहज मिसळून निघून न जाणारे. हा मुद्दा पुढे लागेल.

मग लव नसलेलं वाण काढायचं, असं कुणाच्याही मनात येईल. अडचण अशी की त्या चिकट थेंबातल्या पदार्थांपासूनच तंबाखूचा वास आणि चव बनते. लव काढली तर ज्यासाठी लोक पैसे मोजतात तेच जातं.

दुसरी वाट मुळांची. मातीतलं थोडं रेडियम आणि अगदी थोडं शिसं मुळांवाटे झाडात चढतं. रेडियम रासायनिक स्वभावाने कॅल्शियमसारखं असल्याने झाड ते काही प्रमाणात उचलतं. शिसं मात्र बरंचसं मुळांपाशीच अडकतं. हवेची वाट मोठी की मुळाची, यावर १९६०च्या दशकापासून वाद चालला. मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिलच्या सरकारी कृषी संशोधन केंद्रात टी. सी. त्सो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माती, खत आणि हवा या तिन्हींचा वाटा तपासला. दोन्ही वाटा खऱ्या आहेत, पण पानावर बसणाऱ्या शिशाकडे पाहता हवेचं पारडं जड दिसतं.

“हे सगळं खतामुळे” हे कितपत खरं?

फॉस्फेटची खतं ज्या खडकापासून बनतात, त्या खडकात युरेनियम आणि रेडियम साध्या मातीपेक्षा कितीतरी जास्त असतं. मोरोक्को किंवा फ्लोरिडासारख्या समुद्री गाळातून झालेल्या खडकात किलोला हजार बेकरेल किंवा त्याहून जास्त रेडियम सापडतं. साध्या मातीत सरासरी तीसेक. एवढं वाचून लोक खताला गुन्हेगार ठरवून मोकळे होतात. आपण थोडा हिशेब करू.

एका एकरात वरच्या २० सेंटिमीटर थराची माती साधारण दहा लाख किलो भरते. किलोला ३० बेकरेल धरले तर त्या एकरात आधीपासूनच सुमारे तीन कोटी बेकरेल रेडियम आहे. आता सुपर फॉस्फेटची तीन पोती टाकली, म्हणजे १५० किलो. किलोला ५०० बेकरेल धरले तर भर पडली ७५ हजारांची. एका हंगामात पाव टक्का! रेडियम सोळाशे वर्षांनी निम्मं होतं, त्यामुळे टाकलेलं बरंचसं जमिनीतच साचत राहतं. पण पन्नास वर्षं दरसाल इतकं खत टाकलं तरी वाढ होते बारा टक्क्यांच्या आसपास. शिवाय शेतातून निघणारा रेडॉन त्याच शेतावर थांबत नाही. वाऱ्याबरोबर कोसभर पसरतो, आणि दुसऱ्यांच्या रानातला आपल्या पिकावर येतो.

म्हणून खताचा काहीच संबंध नाही, असं मी म्हणणार नाही. वर्षानुवर्षं भरमसाट खत दिलेल्या हलक्या, वाळूच्या जमिनीत हा वाटा वाढू शकतो, आणि मुळांच्या आसपास खत एकवटलेलं असतं. खतागणिक फरकही पडतो. सुपर फॉस्फेट बनवताना खडकावर आम्ल टाकतात आणि तयार होणारा जिप्समही खतातच राहतो, त्यामुळे खडकातलं रेडियम पोत्यात येतं. डीएपीसाठी आधी फॉस्फोरिक आम्ल वेगळं काढतात, तेव्हा बहुतेक रेडियम जिप्समच्या चोथ्याबरोबर कारखान्याच्या मागच्या ढिगावर जातं. एकाच खडकापासून बनवलेल्या दोन खतांत रेडियमचं प्रमाण इतकं निराळं असू शकतं.

मला एक गोष्ट खटकते. सिगारेटच्या तंबाखूला पोटॅश कोणतं द्यायचं याबद्दल हा व्यवसाय फार काटेकोर आहे. क्लोराईड असलेलं म्युरेट टाळायचं, कारण क्लोराईड जास्त झालं की पान नीट जळत नाही, म्हणून सल्फेटच्या रूपातलं पोटॅश द्यायचं. पान चांगलं जळावं म्हणून खताची निवड शेतकऱ्याला इतक्या बारकाईने शिकवणाऱ्यांना फॉस्फेटमधलं रेडियम तपासून घेणं अवघड नव्हतं.

शेतात आणखी कशाने फरक पडतो

खालची पानं जुनी असतात. ती जास्त दिवस हवेत राहिलेली आणि जमिनीलगत असतात, त्यांच्यावर धूळ आणि पावसाने उडालेली माती बसते, म्हणून त्यांच्यात शिसे-२१० जास्त मिळण्याची शक्यता असते. पाऊस दोन्ही कामं करतो. हवेतलं शिसं खाली आणतो आणि पानावरची सुटी धूळ धुऊनही काढतो.

वाऱ्याचाही भाग आहे. हिवाळ्यातल्या शांत, थंड रात्री हवा वर-खाली होत नाही आणि जमिनीतून आलेला रेडॉन खालीच कोंडून राहतो. निपाणी-चिकोडी पट्ट्यात आणि लगतच्या कोल्हापूर-सांगलीच्या भागात बिडीची तंबाखू नेमकी पावसाळ्यानंतर वाढून थंडीत पक्व होते. शेतकऱ्याच्या हातात यातलं काहीही नाही. ज्या जमिनीत, ज्या हवेत ते पीक येतं, तिथेच ते घ्यावं लागतं.

वाळवताना ते उडून जात नाही का?

हा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. पान इतकं तापवतात, भट्टीत ठेवतात, तर किरणोत्सार जळून जायला हवा. तसं होत नाही, आणि त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं म्हणजे उष्णतेने किरणोत्सार नष्ट होत नाही. अणू कधी फुटायचा हे त्याच्या गाभ्यावर ठरतं. चूल, ऊन, बर्फ, आम्ल यातलं काहीही त्या गाभ्यापर्यंत पोचत नाही. उष्णतेने फार तर अणू एका जागेवरून दुसरीकडे जाईल.

दुसरं, वाळवणीचं तापमान त्यासाठीही अपुरं पडतं. आंध्रात आणि म्हैसूरकडे सिगारेटची व्हर्जिनिया तंबाखू भट्टीत वाळवतात. बंद खोलीत काठ्यांना पानं बांधून टांगतात आणि खालून गरम नळकांडी फिरवलेली असतात. धूर पानाला लागत नाही. पान आधी मंद उबेत पिवळं होऊ देतात, मग हळूहळू उष्णता चढवत शेवटी शीर वाळेपर्यंत सत्तरेक अंशांवर नेतात. पाच-सात दिवसांचं काम. पोलोनियम पळून जायला याच्या कितीतरी पट उष्णता लागते. बर्ली जातीची पानं उघड्या छपरात सावलीत आठवडेच्या आठवडे वाळतात. बिडीची तंबाखू आपल्याकडे शेतातच उन्हात पसरतात.

वाळताना जातं ते पाणी. सहा ते आठ किलो हिरव्या पानांपासून किलोभर वाळलेली तंबाखू मिळते. शिसं आणि पोलोनियम होतं तेवढंच राहतं, म्हणजे दर ग्रॅममागे ते सहा-आठ पट घट्ट होतं. जमिनीवर वाळवलेल्या पानाला बारीक माती चिकटते, ती वेगळीच. झटकली तरी त्या चिकट पानावरची सगळी जात नाही, आणि मातीत तर रेडियमपासून पुढची सगळी साखळी असतेच.

वाळवणीच्या पद्धतीने कर्करोगकारक पदार्थ कमी-जास्त होतच नाहीत, असं मात्र नाही. तंबाखूतली नायट्रोसामाईन्स ही निकोटिन आणि त्याच्या भाऊबंदांपासून वाळवताना तयार होणारी घातक द्रव्यं आहेत. अमेरिकेत भट्टीत गॅस थेट जाळायचे तेव्हा ज्वलनातले नायट्रोजनचे वायू पानाला लागून ती वाढत. २०००च्या आसपास उष्णता वेगळ्या नळीतून देण्याची सोय केली आणि ती बरीच घटली. पद्धत बदलायचं मनावर घेतलं की ती बदलते, हे यातून दिसलं. पोलोनियमच्या बाबतीत वाळवणी बदलून असा फायदा मिळत नाही.

वखारीत काय होतं

माझ्या मते सगळ्यात कमी माहीत असलेला भाग हाच आहे. वाळलेली तंबाखू लगेच विकली जात नाही. सिगारेटची पानं एक-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त, दाबून मुरवत ठेवतात. निपाणीच्या वखारींतही थप्प्या पडून असतात. मुरल्यावर उग्रपणा जातो आणि भाव चढतो.

पान शेतातून येतं तेव्हा त्यावर शिसे-२१० भरपूर असतं, पण पोलोनियम-२१० त्या मानाने कमी, कारण ते तयार व्हायला अजून वेळ मिळालेला नसतो. पाण्याची बारीक धार सतत पडणारा एक झिरपणारा मातीचा रांजण डोळ्यांसमोर आणा. धार म्हणजे शिशातून तयार होणारं पोलोनियम, आणि झिरपणं म्हणजे त्या पोलोनियमचं फुटणं. रांजण रिकामा असताना झिरपतंही थोडंच, म्हणून पाणी चढत जातं. जसं चढतं तसं झिरपणं वाढतं. शेवटी जेवढं पडतं तेवढंच झिरपतं आणि पातळी स्थिरावते.

हे गणित साधं आहे. सुरुवातीला पोलोनियम शून्य धरलं, तरी १३८ दिवसांनी पातळी कमाल मर्यादेच्या निम्म्यावर येते, वर्षाने सुमारे ८४ टक्क्यांवर आणि दोन वर्षांनी ९७ टक्क्यांवर. शिसे-२१०चं अर्धायुष्य २२ वर्षांचं असल्याने ही धार दोन-चार वर्षांत फारशी आटत नाही. तंबाखू जितकी नीट मुरवली, तितकं पोलोनियम पूर्ण मर्यादेला पोचतं. मुरवण्याऐवजी ताजी वापरली तर? पोलोनियम थोडं कमी मिळेल, पण शिसं तेवढंच. ते शरीरात गेलं की पोलोनियम तिथे तयार होईल.

म्हणून सिगारेट तयार होण्याच्या कितीतरी आधी, शेतात पानावर शिसं बसतानाच, सगळं ठरून गेलेलं असतं. पोलोनियम कमी करायचं तर शिसं हटवायला हवं.

पेटवल्यावर कुठे जातं?

सिगारेट ओढताना तिच्या निखाऱ्याचं तापमान ८०० ते ९०० अंश होतं. पोलोनियम पाचशे अंशांच्या पुढे वाफ होऊ लागतं, हे हार्वर्डमधल्या एडवर्ड रॅडफोर्ड आणि विल्मा हंट यांनी ओळखलं. जानेवारी १९६४मध्ये त्यांचा शोधनिबंध ‘सायन्स’मध्ये आला. त्याच महिन्यात अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्यांनी, धूम्रपानाने कर्करोग होतो असा गाजलेला अहवाल जाहीर केला होता. वाफ झालेलं पोलोनियम धुराच्या कणांवर बसतं. काही ओढलेल्या धुरात जातं, काही टोकावरून निघणाऱ्या धुरात, म्हणजे शेजारी बसलेल्याच्या नाकात, आणि काही राखेत राहतं. फिल्टर त्यातलं थोडंच अडवतो.

श्वासनलिका जिथे दुभागतात त्या बेचक्यांत धूर आदळतो आणि कण तिथे साठतात. १९६५ साली जॉन लिटल, रॅडफोर्ड आणि सहकाऱ्यांनी धूम्रपान करणाऱ्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या श्वासनलिका तपासल्या, तेव्हा काही ठिकाणी पोलोनियम एकवटलेलं आढळलं. एरवी श्वासमार्गातली बारीक लव अशी घाण वर ढकलते. धुराने ती लव लुळी पडते, आणि न विरघळणारे कण तिथेच रेंगाळतात. अल्फा कणाची मजल उतीत फक्त ४० मायक्रॉनच्या आसपास, माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. तेवढ्याच टापूतल्या पेशींना मार बसतो, पण तो वर्षानुवर्षं त्याच पेशींना बसत राहतो.

मग ३०० एक्स-रे खरे की खोटे?

हा आकडा १९८२च्या एका पत्रातला आहे. थॉमस विंटर्स आणि जोसेफ डिफ्रांझा या डॉक्टरांनी ते ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये लिहिलं होतं. त्यांनी हिशेब केला तो श्वासनलिकांच्या त्या बेचक्यांपुरता. तिथल्या पेशींना वर्षभरात मिळणारी मात्रा छातीच्या ३०० एक्स-रेंत कातडीला मिळणाऱ्या मात्रेइतकी होते, असं त्यांचं म्हणणं. फॉरवर्डमध्ये ही चिमूटभर जागा अख्खा माणूस होऊन बसली.

सगळ्या शरीराचा विचार केला तर मात्रा खूपच कमी निघते. बहुतेक अलीकडचे अंदाज वर्षाला एक मिलिसिव्हर्टच्या आतले आहेत. मिलिसिव्हर्ट म्हणजे किरणोत्साराने शरीराला होणाऱ्या अपायाचं माप. न ओढणाऱ्यालाही जमीन, आकाश, अन्न आणि घरातली हवा यांच्याकडून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. बेचक्यांतल्या मात्रेबद्दलही शास्त्रज्ञांचं एकमत नाही. पण सरासरीचा आकडा लहान दिसला म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण कर्करोग सरासरी शरीराला होत नाही. तो एका ठिकाणच्या पेशींतून सुरू होतो.

कंपन्यांना हे माहीत होतं?

होतं. १९९८ साली अमेरिकेतल्या राज्यांनी भरलेल्या खटल्यांत झालेल्या तडजोडीमुळे कंपन्यांची लाखो अंतर्गत कागदपत्रं खुली झाली. संशोधकांनी ती चाळली, आणि २००८ साली मोनिक मग्ली यांच्या गटाने त्यावर सविस्तर लेख लिहिला. कंपन्यांनी स्वतःच्या प्रयोगशाळांत पोलोनियम मोजलं होतं, ते कसं काढता येईल याचाही विचार केला होता, आणि निष्कर्ष प्रसिद्ध केले नव्हते. फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीच्या १९७८च्या एका टिपणात, यावर काही छापलं तर झोपलेला राक्षस जागा होईल, अशा आशयाची काळजी व्यक्त केली आहे. “कंपन्या मिसळतात” हे म्हणणं चूकच आहे. पण निसर्गातून आलेली गोष्ट ठाऊक असून त्यांनी ग्राहकापासून लपवली, याला माझ्या दृष्टीने कोणतंही समर्थन नाही.

आम्लाने धुऊन पानातलं बहुतेक पोलोनियम काढता येतं, हेही त्यांना माहीत होतं. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले ह्रायर काराग्यूझियन आणि सहकारी यांनी २०११ साली या कागदपत्रांवरून दाखवलं की धुणं टाळण्यामागे आणखी एक कारण होतं. आम्लाने निकोटिनचं रूप बदलतं आणि ते शरीरात झटकन शोषलं जात नाही. म्हणजे ओढणाऱ्याला हवी ती तलफ भागत नाही.

“आम्ही ओढत नाही, नुसती मळून खातो”

महाराष्ट्रासाठी हा प्रश्न सगळ्यात मोठा आहे. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीनुसार राज्यातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. ओढणारे होते ३.८ टक्के, आणि खाणारे, लावणारे, चघळणारे २४.४ टक्के. मळलेली तंबाखू, मावा, खर्रा, मशेरी. पोलोनियम या तंबाखूतही असतं. ते निखाऱ्यावर वाफ होऊन फुप्फुसात जात नाही, पण लाळेबरोबर तोंडात आणि पोटात जातं. मशेरीसाठी तंबाखू तव्यावर भाजतात, म्हणून ती निर्धोक होते असं समजणाऱ्यांसाठी पुन्हा सांगतो, भाजल्याने किरणोत्सार जळत नाही.

खाणाऱ्यांच्या बाबतीत मात्र पोलोनियम हा दुय्यम गुन्हेगार आहे. तोंडाच्या कर्करोगात मुख्य हात नायट्रोसामाईन्सचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने धूररहित तंबाखूला मानवात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलंय. बिडीत तंबाखू सिगारेटपेक्षा कमी असते खरी, पण ती विझू नये म्हणून झुरके जास्त आणि खोल घ्यावे लागतात.

“गावठी, सेंद्रिय, शेणखतावरची” तंबाखूही यातून सुटत नाही. फॉस्फेटचं एकही पोतं न टाकलेल्या रानातल्या पानावर हवेतलं शिसं बसतंच.

मग पालेभाजी आणि मासेही बंद करायचे?

मुळीच नाही. मेथीवर, पालकावर थोडं शिसे-२१० असतं, आणि भाजी धुतल्याने बरंच निघून जातं. समुद्री मासे, कोळंबी, शिंपल्या यांत पोलोनियम पिकांपेक्षाही जास्त असतं, आणि कोकणात पिढ्यान्‌पिढ्या लोक ते खात आलेत. पोटात गेलेल्या पोलोनियमचा मोठा भाग शरीराबाहेर जातो, आणि ते एकाच जागी न साचता पसरतं. ओढलेलं मात्र श्वासनलिकेच्या ठरावीक जागी, आधीच धुराने जखमी झालेल्या पेशींवर, दुसऱ्या कितीतरी कर्करोगकारक द्रव्यांच्या सोबतीने बसतं. शिवाय माशातून प्रथिनं मिळतात. तंबाखूतून काय मिळतं?

पोलोनियम काढून टाकलं तर सिगारेट सुरक्षित होईल?

होणार नाही. तंबाखूच्या धुरात कर्करोग करणारी सत्तरेक रसायनं आहेत, आणि हृदयविकार, पक्षाघात, दमा यांसाठी किरणोत्साराची गरजही लागत नाही. म्हणूनच “किरणोत्सर्गमुक्त” अशी जाहिरात करणारी सिगारेट उद्या निघाली, तर मला तिची आजच्यापेक्षा जास्त भीती वाटेल. फिल्टर आणि ‘लाइट’ यांच्या नावाखाली अशी फसवणूक आधी होऊन गेली आहे. कमी रेडियमचं खत, पानं धुणं, मातीविना वाळवण हे सगळं केलं तरी धोक्याचा एक भागच कमी होईल.

“इतकी वर्षं ओढली, ते सगळं आत साचलंच असेल, आता सोडून काय उपयोग?” हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. सोडल्या दिवसापासून नवा पुरवठा थांबतो. श्वासमार्गाची लव काही आठवड्यांपासून महिन्यांत पुन्हा काम करू लागते आणि साचलेलं वर ढकलते. आत उरलेलं पोलोनियम १३८ दिवसांत निम्मं होतं. शिशाचे काही कण जास्त काळ राहतात आणि थोडं पोलोनियम तयार करत राहतात, पण रोजच्या नव्या भरीपुढे ते फार कमी असतं. ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका दहा-पंधरा वर्षांत जवळपास निम्म्यावर येतो. सोडायला मदत हवी असेल तर भारत सरकारची मोफत दूरध्वनी सेवा १८०० ११२ ३५६ या क्रमांकावर आहे.